बाज नेमका कुणाचा?

आपल्या पोरांच्या स्टेटसवर एक चित्र नेहमी दिसतं. वर पंख पसरलेला शाहीन, खाली लढाऊ विमान आणि मध्ये अल्लामा इक्बालांचं नाव. असल्या स्टेटसपायी पोलीस ठाण्याच्या चकरा होतील, असं घरचे बजावतात. त्यांची भीती खरी आहे. पण माझा आक्षेप वेगळा आहे. हे चित्रच खोटं आहे.

दोस्तांनो, विमानांना शिकारी पक्ष्यांची नावं अमेरिकेने दिली. एफ-15 म्हणजे ‘ईगल’, एफ-16 म्हणजे ‘फायटिंग फाल्कन’. इस्रायलने ती विकत घेतली आणि आपली नावं ठेवली: एफ-15 ला ‘बाज’, पहिल्या एफ-16 ना ‘नेत्झ’. नेत्झ हाही शिकारी पक्षीच. आणि बाज? हिब्रूतही तो बाजच! 7 जून 1981 रोजी बगदादजवळच्या ओसिराक अणुभट्टीवर बॉम्ब टाकले ते नेत्झनी, आणि वर राखण केली ती बाजनी. ज्या नावाने तुमची छाती फुगते, त्याच नावाची विमानं त्या दिवशी बगदादवर होती.

यावर कुणी म्हणेल, एफ-16 मुस्लिम देशांकडेही आहेत. आहेत ना. पाकिस्तानने मोठी रक्कम भरली होती, तरी 1990 मध्ये अमेरिकेने 28 विमानं अडवून ठेवली. सुटे भाग दुसऱ्याचे, परवानगी दुसऱ्याची. दुसऱ्याने मारलेल्या शिकारीला तोंड न लावणारा, घरटं न बांधणारा तो इक्बालांचा शाहीन हाच का?

‘बाल-ए-जिब्रील’ 1935 चं. इक्बाल 1938 मध्ये गेले. एफ-16 ने पहिलं उड्डाण केलं 1974 मध्ये. त्यांच्या कवितेतला पक्षी म्हणजे खुदी आणि फकिरी. कुणापुढे हात न पसरणारा तरुण. त्या तरुणाच्या जागी आपण बॉम्ब वाहणारं यंत्र बसवलं, तेही परक्या कारखान्यातलं. मूळ कविता किती जणांनी वाचली आहे, हे विचारायची मला आता लाज वाटते.

आणि खरा शाहीन बघायचाच असेल, तर तो आपल्या सह्याद्रीच्या कड्यांवर आहे. बहिरी ससाण्याचीच ती एक उपजात. फजर झाली की दुर्बीण घेऊन निघा.