आनंदी देशाचे बेघर नागरिक

उत्पन्नाऐवजी ‘सकल राष्ट्रीय आनंद’ मोजणारा देश म्हणून भूतानचे गोडवे जगभर गायिले जातात. याच देशाने १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत आपल्या लोकसंख्येच्या सुमारे सहाव्या हिश्शाला देशोधडीला लावले, याचे स्मरण मात्र आनंदाच्या या भाटांना क्वचितच होते.

हे अभागी लोक म्हणजे दक्षिण भूतानमधील नेपाळीभाषक ल्होत्शाम्पा; बहुसंख्य हिंदू, पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी. १९८५चा नागरिकत्व कायदा आणि १९८८ची जनगणना यांनी त्यांच्यापुढे १९५८ सालच्या वास्तव्याच्या पुराव्याची अट ठेवली. तीस वर्षांपूर्वीची सारापावती ज्याने जपली नाही, तो आपल्याच शेतात परका ठरला! १९८९मध्ये शाळांतून नेपाळी भाषा गेली, राष्ट्रीय पोशाखाची सक्ती आली. विरोध करणाऱ्यांवर लष्कर घालण्यात आले आणि ‘आम्ही स्वेच्छेने देश सोडत आहोत’ अशा कागदांवर अनेकांच्या सह्या घेतल्या गेल्या.

भूतान आणि नेपाळ यांच्या सीमा कोठेही भिडत नाहीत. मध्ये भारतभूमी आहे. एक लाखाहून अधिक माणसे आपल्या अंगणातून नेपाळच्या झापा आणि मोरंग जिल्ह्यांतील छावण्यांत गेली. दिल्ली मात्र ‘हा त्या दोन देशांचा प्रश्न’ म्हणून स्वस्थ राहिली. भूतान भारताचा सच्चा मित्र आहे, हे निर्विवाद. २००३मध्ये त्याने उल्फाचे तळ उद्ध्वस्त केले. पण मित्राला खडसावण्याचा अधिकार मित्राने वापरायचा नाही, तर कोणी?

नेपाळ-भूतान चर्चेच्या पंधरा फेऱ्या झाल्या. परत एकही कुटुंब गेले नाही. मग २००७पासून पाश्चात्त्य देशांनी तोडगा काढला आणि एक लाख तेरा हजारांवर निर्वासित आठ देशांत वसवले, त्यांतील बहुतेक अमेरिकेत. हे औदार्य खरेच. पण त्यामुळे हुसकावणारा अलगद सुटला, त्याचे काय?

या तोडग्याचे पितळ २०२५मध्ये उघडे पडले. अमेरिकेने काही भूतानी निर्वासितांना, बहुतांशी गुन्ह्याची शिक्षा भोगलेल्यांना, विमानाने भूतानला धाडले. भूतानने त्यांना भारताच्या सीमेवर आणून सोडले. नेपाळात पोहोचलेल्यांना तेथील पोलिसांनी बेकायदा प्रवेशाबद्दल पकडले. तीन देशांनी झटकलेला माणूस पुन्हा आपल्याच भूमीवरून फिरला.

आपल्याकडेही २०१९च्या नागरिकत्व दुरुस्ती कायद्यात तीन शेजारी देशांतील पीडितांचा विचार झाला. भूतानचे नाव त्यात नाही. झापा आणि मोरंगमधील छावण्यांत आजही काही हजार लोक आहेत. मायदेशी परतण्याच्या आशेने परदेशी जाण्यास नकार देणारे वृद्ध त्यांत आहेत. थिंफूशी होणाऱ्या बोलण्यांत जलविद्युत असते, रेल्वे असते. या वृद्धांच्या परतीचा विषय दिल्लीने तेथे स्पष्ट शब्दांत मांडलाच पाहिजे, आणि तोही ते हयात आहेत तोवर.