समालोचकाच्या हाती रुमणे



बांधावर बसून औत हाकणाऱ्याला सल्ले देणारा एखादा तरी गृहस्थ तुमच्या गावात असेलच. "तास वाकडे गेले," "डावा बैल ढिला पडला," असे त्याचे चालूच असते. आणि गंमत अशी, की बहुतेक वेळा त्याचे खरेही असते! पण उद्या त्याच्याच हाती रुमणे दिले तर? अमेरिकेत पॅट हेडन नावाच्या गृहस्थांवर नेमकी हीच पाळी आली.

तिकडचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे बरे का. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचे, फेकायचे आणि समोरच्याने अंगावर येऊन आडवे पाडायचे. थोडी कबड्डी, थोडी कुस्ती. कॉलेजांच्या सामन्यांनासुद्धा काही ठिकाणी लाखावर माणूस जमतो. त्यामुळे विद्यापीठाचा क्रीडासंचालक म्हणजे शिट्टी वाजवणारे कवायतीचे मास्तर नव्हेत. वीसेक खेळांचे संघ, प्रशिक्षकांच्या नेमणुका, कोट्यवधी डॉलरांचा हिशेब, देणगीदारांची मर्जी, सगळे त्याच्या गळ्यात.

हेडन यांचा जन्म 1953 चा. शाळेत असताना वडिलांची नोकरी दुसरीकडे गेली, तेव्हा हा मुलगा मित्राच्या घरी राहिला. तो मित्र म्हणजे लॉस एंजलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचे प्रशिक्षक जॉन मॅके यांचा मुलगा. पुढे दोघे त्याच विद्यापीठाकडून खेळले. 1 जानेवारी 1975 ला ओहायो स्टेटविरुद्ध सामना हातचा जाऊ लागला होता. दोन मिनिटे उरली असताना हेडनने चेंडू फेकला आणि तो झेलला याच मित्राने. मग जादा दोन गुणांचा डाव साधला आणि 18-17 असा विजय! एका ताटात जेवलेल्या पोरांना एकमेकांची धाव ठाऊक असणारच.

अभ्यासातही पोरगा पुढे. रोड्स शिष्यवृत्ती मिळवून ऑक्सफर्डला गेला, लॉस एंजलिसच्या व्यावसायिक संघातून 1981 पर्यंत खेळला, वकिलीची पदवी घेतली आणि मग टेलिव्हिजनवर समालोचनाला बसला. 1998 पासून बारा हंगाम नोत्र दाम विद्यापीठाच्या घरच्या मैदानावरचे सामने लोकांनी त्यांच्या तोंडून ऐकले.

2010 च्या जूनमध्ये त्यांच्या जुन्या विद्यापीठावर गंडांतर आले. रेजी बुश या नामांकित खेळाडूने आणि त्याच्या घरच्यांनी दलाली करू पाहणाऱ्यांकडून पैसे घेतल्याचा ठपका आला. कॉलेजच्या खेळाडूला तेव्हा ते वर्ज्य होते. दोन वर्षे हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यांना बंदी आणि तीस शिष्यवृत्त्यांवर पाणी. अशा पडत्या काळात विद्यापीठाने हेडन यांना बोलावले. ते येतानाच बुशला मिळालेल्या हाइझमन करंडकाची विद्यापीठाकडची प्रत परत धाडायचे ठरले.

पहिली काही वर्षे निस्तरण्यातच गेली. 2012 मध्ये खेळाडूंच्या सरावासाठी आणि अभ्यासासाठी मोठी इमारत उभी राहिली, तिला नाव दिले जॉन मॅके यांचे. पण खरी कसोटी प्रशिक्षकांची. सप्टेंबर 2013 मध्ये संघ ॲरिझोना स्टेटकडून 62-41 असा हरला. विमान पहाटे लॉस एंजलिसला उतरले आणि तिथेच विमानतळावर हेडन यांनी प्रशिक्षक लेन किफिन यांना कामावरून कमी केले. काढणे कदाचित योग्यही असेल. पण हरून आलेल्या माणसाला निदान घरी जाऊन झोपू द्यायचे होते, असे मला वाटते.

मग तात्पुरते आले एड ऑर्जरॉन. त्यांनी आठांतले सहा सामने जिंकून दिले. तरी हेडन यांनी कायमची जागा दिली स्टीव्ह सार्किशियन यांना, आणि ऑर्जरॉन निघून गेले. दोन वर्षांच्या आत, ऑक्टोबर 2015 मध्ये, मद्यपानाच्या प्रकरणातून सार्किशियन यांनाही काढावे लागले. इकडे ऑर्जरॉन यांनी 2019 च्या हंगामात लुइझियाना स्टेटला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले. समालोचकाला चुकलेला डाव पडद्यावर पुन्हा दाखवता येतो. संचालकाला ती सोय नाही.

जुनी सवयही लगेच सुटत नाही. 2014 मध्ये स्टॅनफर्डच्या सामन्यात निरोप आला म्हणून हेडन मैदानाच्या कडेला उतरले आणि पंचांशी वाद घालू लागले. पंचवीस हजार डॉलर दंड झाला!

सार्किशियन गेले त्याच आठवड्यात संघ खेळायला गेला नोत्र दामला. जिथे बारा हंगाम हेडन बोलत बसले, त्याच मैदानाच्या कडेला सामन्याआधी त्यांना भोवळ आली. 2016 च्या जूनअखेर त्यांनी पद सोडले.

त्यांच्या जागी विद्यापीठाने नेमले लिन स्वॉन यांना. तेही हेडन यांचे जुने जोडीदार खेळाडू आणि तेही अनेक वर्षे टेलिव्हिजनवर समालोचन केलेले! स्वॉन यांनी 2019 मध्ये राजीनामा दिला.

आणि तो करंडक? 2021 पासून कॉलेजच्या खेळाडूंना आपल्या नावावर पैसे मिळवायची मुभा मिळाली. एप्रिल 2024 मध्ये बुशचा करंडक त्याला परत देण्यात आला आणि विद्यापीठाची प्रतही विद्यापीठाकडे आली.