पैसे भरलेला, पण न उचललेला माल कोणाचा?

किंमत चुकती करूनही ग्राहकाने वस्तू नेली नाही, तर मालकी कोणाची? माल विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २० नुसार, निश्चित व सुपूर्द करण्याजोग्या मालाची मालकी विनाशर्त करार होताच खरेदीदाराकडे जाते. जोखीमही सामान्यतः त्याचीच. विक्रेत्याने सांगूनही माल वाजवी मुदतीत न उचलल्यास कलम ४४ अन्वये सांभाळण्याचा वाजवी खर्च मागता येतो. फेरविक्रीची कलम ५४ मधील मुभा मात्र किंमत थकलेल्या विक्रेत्यालाच आहे. इंग्लंडमध्ये १९७७ च्या कायद्याने नोटीस देऊन असा माल विकता येतो. खर्च वजा जाता रक्कम मालकाचीच राहते. भारतीय अधिनियमात ही तरतूद नसल्याने पूर्ण पैसे मिळालेला विक्रेताच परक्या मालाचा राखणदार ठरतो.