भामिनी, सिंधू आणि गोहरबाई

वर्षभर या सदरासाठी संपादक मला दोन स्तंभ देतात आणि त्यात माझा विषय कसाबसा बसवण्याची कसरत मी करीत असते. दिवाळी अंकात मात्र त्यांचा हात सढळ असतो. तेव्हा या खेपेला एरवी दोन स्तंभांत मावला नसता असा विषय घ्यावा असे ठरवले आणि नारायण श्रीपाद राजहंस हे नाव डोळ्यांपुढे आले. या नावाने ते कितीजणांना ओळखू येतील, देव जाणे! बालगंधर्व म्हटले की ओळख पटते.

बालगंधर्वांवर आजवर काय थोडे लिहिले गेले आहे? त्यांच्या शालूंवर लिहिले गेले, अत्तरांवर लिहिले गेले, त्यांच्या तानांवर तर पानेच्या पाने खर्ची पडली. पण या कौतुकाच्या अखेरीस पुष्कळ लेखकांचा सूर एकाएकी खाली येतो. 'पुढे उतरती कळा लागली' असे एक वाक्य येते आणि त्या वाक्याच्या आसपास एका बाईचे नाव हलक्या आवाजात घेतले जाते. त्या नावाबद्दल मला चार शब्द लिहायचे आहेत. पण आधी त्यांच्या थोरवीची उजळणी करणे भाग आहे. कारण ती किती मोठी होती हे कळल्याशिवाय पुढचा राग कुठून आला हे कळायचे नाही.

राजहंसांचे गाव सांगली जिल्ह्यातले नागठाणे. नारायणरावांचा जन्म २६ जून १८८८ चा. पोरवयातच गळ्याची कीर्ती झाली. पुण्यात लोकमान्य टिळकांनी त्या मुलाचे गाणे ऐकले आणि 'बालगंधर्व' हे नाव दिले, असे सांगतात. माणूस चौऱ्याहत्तरीत शिरला, गात्रे थकली, तरी त्या नावातला 'बाल' काही मोठा झाला नाही. महाराष्ट्राच्या मनात तो तसाच राहिला, आणि पुढच्या साऱ्या दुःखाचे बीज मला त्यातच दिसते.

त्यावेळी किर्लोस्कर नाटक मंडळी मोठ्या चिंतेत होती. स्त्रीभूमिका गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले होते आणि त्यांची जागा भरून निघत नव्हती. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी या मुलाला आधार दिला. कानात दोष होता, त्यावर मिरजेत उपचार करवले. १९०५ मध्ये त्याच मिरजेत सतरा वर्षांचा नारायण शकुंतला होऊन रंगभूमीवर उभा राहिला आणि मंडळीची चिंता एका रात्रीत मिटली.

देखणा मुलगा आणि गोड गळा एवढ्यावर माणूस तीस वर्षे टिकत नाही. नारायणरावांना गुरू मिळाले ते तोलामोलाचे. अभिनयाची तालीम गोविंद बल्लाळ देवलांची, गाण्याची भास्करबुवा बखल्यांची. देवलांनी बोलायला शिकवले, बुवांनी गायला. आणि या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत हे नारायणरावांनी स्वतःच जाणले. मी मराठीची शिक्षिका, म्हणून माझे कान आधी शब्दांकडे जातात. त्यांच्या जुन्या तबकड्यांवर खरखर आहे, यंत्राच्या सोयीसाठी सारे गाणे तीन-साडेतीन मिनिटांत कोंबलेले आहे, तरीही एक अक्षर हरवत नाही. लय कितीही चढो, जोडाक्षर तुटत नाही आणि प्रश्नार्थक ओळ प्रश्नासारखीच संपते. तान आली ती त्या बाईच्या मनातले काहीतरी उचलून घेऊन येते.

नाट्यसंगीताचे रूपही त्यांच्या काळात पालटले. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'त पदे दोनशेच्या घरात होती; पदातूनच संवाद चाले. खाडिलकरांच्या नाटकांत ती पन्नासाच्या आसपास आली, पण एकेक पद मैफलीसारखे फुलू लागले. १९१६ च्या 'स्वयंवरा'त बुवांनी यमन, भूप, बिहाग अशा रागांतल्या चिजांवर पदे बांधली आणि ज्या घरात कधी तंबोरा लागला नव्हता त्या घरातली मंडळीही तो यमन गुणगुणू लागली. शास्त्रीय संगीत मध्यमवर्गाच्या माजघरात आणून सोडणारा दुसरा एवढा मोठा वाटाड्या मला तरी दिसत नाही.

१२ मार्च १९११. मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमाना'चा पहिला प्रयोग होता आणि त्याच दिवशी नारायणरावांची लहान मुलगी गेली. प्रयोग पुढे ढकलावा असे कुणालाही वाटले असते. ते मात्र रंगले, नटले, आणि गरीब शिपायाला नाक मुरडणारी श्रीमंताघरची लाडकी भामिनी होऊन हसत उभे राहिले. वय अवघे बावीस. ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो, शाळेतल्या भाषणांतही सांगतो. मला मात्र ती सांगताना नेहमी लक्ष्मीबाईंची आठवण होते. मुलगी दोघांची होती. एकाला त्या रात्री टाळ्या मिळाल्या. दुसरीला काय मिळाले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही.

१९१३ मध्ये गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. इथून जे वैभव सुरू झाले त्याचे वर्णन ऐकताना आजही डोळे दिपतात. खरे शालू, खरी जर, नाट्यगृहात अत्तराचा घमघमाट. साथीला तबल्यावर अहमदजान थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष! रात्री सुरू झालेले नाटक 'वन्स मोअर' घेत घेत पहाटेला टेकायचे. माझ्या आजीची आई सांगे म्हणे, की 'स्वयंवर' पाहून आल्यावर आठवडाभर त्यांच्या वाड्यातल्या साऱ्या बायकांचे पदर रुक्मिणीसारखे पडत आणि गजरे रुक्मिणीसारखे माळले जात. बायकांनी कसे नटावे, कसे लाजावे, रुसावे कसे, याचा धडा त्या एका पुरुषाकडून घेत होत्या, आणि त्यांचे नवरे तो धडा पसंत करीत होते.

१९१९ मध्ये गडकऱ्यांचा 'एकच प्याला' आला. गडकरी तो पाहायला उरले नव्हते. पदेही विठ्ठल सीताराम गुर्जरांना लिहावी लागली. शालू मिरवणारे नारायणराव यात सिंधू होऊन जुनेर नेसले. ज्यांच्या रूपासाठी लोक येत त्यांनी रूप बाजूला ठेवले आणि लोक तरीही आले, रडून गेले. १९२१ च्या ८ जुलैला टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' झाले; ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांचे नायक एका रंगमंचावर आले, महाराष्ट्राचे डोळे भरून आले. आणि तीन महिन्यांत, ४ ऑक्टोबरला, केशवराव एकतिसाव्या वर्षी गेले.

या साऱ्या झगमगाटाखाली कर्ज वाढत होते. हिशेब हा विषय नारायणरावांना परका होता. १९२० च्या 'द्रौपदी'तली मयसभा उभारताना खर्चाला धरबंद उरला नाही. येईल त्याला 'देवा' म्हणायचे आणि मागेल त्याला द्यायचे, असा स्वभाव. कर्ज फेडले तेही वर्षानुवर्षे खेळ करूनच. स्वभाव मात्र फिटला नाही.

मग काळ फिरला. १९३१ मध्ये 'आलम आरा' बोलला, १९३२ मध्ये 'अयोध्येचा राजा'. तिकिटाला चार आणे टाकले की पडदा गाऊ लागला. १९३३ मध्ये 'नाट्यमन्वंतर'च्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांची कामे स्त्रियांनी केली आणि ती पाहायला जाण्यात सुशिक्षितांना भूषण वाटू लागले. नारायणराव आता पंचेचाळीस वर्षांचे होते. १९३४ मध्ये मंडळी बंद पडली. १९३५ मध्ये प्रभातच्या 'धर्मात्मा'त शांतारामबापूंनी त्यांना संत एकनाथ केले. काम सात्त्विक होते, गाणेही होते. पण लोकांना हवी होती ती भामिनी या पुरुषात दिसेना. ती भागीदारी एकाच चित्रपटावर थांबली. १९३७ मध्ये बाबूराव पेंटरांच्या 'साध्वी मीराबाई'त ते पुन्हा स्त्रीवेषात आले. रंगभूमीवर दिव्यांच्या उजेडात, विसाव्या रांगेतून जे सत्य वाटे, ते कॅमेऱ्याने हातभर अंतरावरून पाहिले. कॅमेऱ्याला भक्ती नसते.

वाचकहो, आता या सनावळीकडे जरा नीट पाहा. कर्ज १९२१ च्या आधीचे. बोलपट १९३१-३२ चे. मंडळी बंद पडली १९३४ मध्ये. आणि गोहरबाई कर्नाटकी पुन्हा उभारलेल्या गंधर्व मंडळीत आल्या त्या १९३८ च्या सुमारास. जे घर चार वर्षांपूर्वीच पडले होते, ते पाडल्याचा आरोप या बाईंवर कसा ठेवता येईल?

पण ठेवला गेला. गोहरबाई कर्नाटकातल्या बिळगीच्या. 'किस्मत' चित्रपटातल्या गाण्यांनी गाजलेल्या अमीरबाई कर्नाटकी या त्यांच्या भगिनी. बालगंधर्वांची गायकी गोहरबाईंनी अशी आत्मसात केली होती, की तबकडी लावावी आणि घरातल्या जाणकाराने क्षणभर फसावे. मंडळीत त्या नायिकेची कामे करू लागल्या आणि नारायणराव समोर नायक म्हणून उभे राहिले. पुढे दोघांचे आयुष्य एक झाले. झाले! गाणाऱ्या घराण्यातली, त्यातून मुसलमान. आमच्या मध्यमवर्गाला एवढे पुरेसे होते. ज्या लोकांनी तीस वर्षे शालूतल्या पुरुषावर जीव टाकला, त्यांना शालूतली बाई सोसवेना.

'एकच प्याला' शिकवताना मागे वर्गातल्या एका मुलीने मला विचारले होते, "मॅडम, बायकांची कामे बायकाच का करीत नव्हत्या?" उत्तर सोपे आहे आणि अवघडही. घरंदाज स्त्रीने रंगभूमीवर येणे ही बेअब्रू होती. आणि जी गाणारी स्त्री येऊ शकत होती, तिच्यापाशी अब्रू नाहीच असे आम्ही आधीच ठरवून टाकले होते. मधली रिकामी जागा नारायणरावांनी भरली. त्यांनी रंगवलेली स्त्री सुंदर होती, कुलीन होती, आणि पडदा पडला की ती नाहीशी होई. तिला स्वतःचे म्हणणे नव्हते, वय नव्हते. गोहरबाई नाहीशा होत नव्हत्या. पडदा पडल्यावरही त्या तिथेच होत्या.

इथे कुणी म्हणेल, लक्ष्मीबाईंचे काय? प्रश्न योग्य आहे. मुले गमावलेली, वैभवात फारशी न दिसलेली आणि कर्जात पुरती सापडलेली ती बाई १९४० मध्ये गेली. तिच्यावर अन्याय झाला यात मला शंका नाही. पण तो अन्याय करणारे हात शोधायचे तर ते नारायणरावांपासून शोधायला हवेत. लाडक्या माणसाला दोष देववत नाही, म्हणून तो शेजारच्या बाईच्या पदरात टाकायचा, ही आपली घरोघरची जुनी रीत आहे. मुलगा बिघडला की सुनेचा पायगुण. नट थकला की गोहरबाई!

नंतरची वर्षे कठीण गेली. पाय अधू झाले, उभे राहणे संपले. बसून भजने गायची, जमेल तिथे कार्यक्रम करायचे. मोठे मोठे रसिक ते ऐकायला जात आणि 'पूर्वीचे राहिले नाही' म्हणत परतत. त्या काळात त्यांच्या सोबतीला होत्या त्या गोहरबाई. नारायणरावांना १९५५ मध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते संगीत नाटक अकादमीचा सन्मान मिळाला, १९६४ मध्ये पद्मभूषण मिळाले. त्याच १९६४ मध्ये गोहरबाई गेल्या. तीन वर्षांनी, १५ जुलै १९६७ रोजी, पुण्यात नारायणरावही गेले. त्यांच्या नावाच्या पुण्यातल्या रंगमंदिराची कोनशिला १९६२ मध्ये त्यांच्याच हस्ते बसली होती; २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या ऐंशीव्या जन्मदिनी, ते उघडले तेव्हा मात्र ते नव्हते. २०११ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला, सुबोध भावे बालगंधर्व झाले, आनंद भाटे यांचा आवाज त्यांना लाभला आणि ज्यांच्या आजोबांनीही मूळ नाटके पाहिली नव्हती अशी मुले ती पदे पुन्हा म्हणू लागली.

थोरवी अशी टिकून राहते. तिच्याबरोबर कुजबूजही टिकते, हे मात्र वाईट. बालगंधर्वांना आपल्या बचावाची गरज नाही. त्यांचा यमन त्यासाठी समर्थ आहे. त्यांच्या शेवटच्या पंचवीस वर्षांत जिने त्यांना सोडले नाही, तिचे नाव मात्र आवाज न उतरवता घेण्याची वेळ आली आहे.

या दिवाळीत फराळ झाल्यावर कुणी बालगंधर्वांची पदे लावतीलच. त्यांच्यामागोमाग एक तबकडी गोहरबाईंचीही लावा. कोणाचा आवाज कोणता हे घरातल्या थोरांना सांगू नका. आधी सगळ्यांना ऐकू द्या, दाद देऊ द्या, आणि मग नाव सांगा.