मोटारीच्या अंगावरची राख

वारासिवनीकरांना धानगिरण्यांची राख नवी नाही. वाळत घातलेल्या धोतरावर, अंगणातील तुळशीवृंदावनावर ती येऊन बसते. हल्ली ती मोटारीवरही बसते, इतकेच. मात्र धोतर झटकता येते. मोटार झटकावयास जाणे हेच नुकसानीचे मूळ होय.

तुसाच्या राखेत बहुधा ८० ते ९० टक्के सिलिका असते, म्हणजे वाळूचेच द्रव्य. आपल्या आज्या राखेने पितळेची भांडी लख्ख करीत, त्यामागे हाच गुण. मोटारीच्या रंगावरील पारदर्शक लेप पुष्कळदा ५० मायक्रॉनांहूनही पातळ असतो. त्यावर रोज सकाळी कोरडे फडके फिरविणे म्हणजे रोज भांडे घासणेच!

आमच्या परिचयातील एका गृहस्थांनी आपल्या पांढऱ्या मोटारीची ही सेवा दोन वर्षे इमानेइतबारे केली. पुढे तिच्यावर नारिंगी ठिपके उमटले. 'पत्रा गंजला, सारा रंग नव्याने द्यावा लागेल,' असा सल्ला त्यांना मिळाला आणि कन्येच्या शिक्षणासाठी राखून ठेवलेल्या रकमेला हात घालण्याची वेळ आली. त्यांनी आम्हांस विचारले. पत्रा शाबूत होता. ब्रेकमधून व रेल्वेच्या रुळांवरून उडणारे लोखंडाचे सूक्ष्म कण लेपात रुततात आणि तेथेच गंजतात. ठिपके त्यांचे होते.

मोटार सावलीत, पत्रा थंड असताना, प्रथम भरपूर पाण्याने व मग साबणाच्या पाण्याने धुवावी. नंतर बोटांवर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवून हात फिरवावा. डोळ्यांना न दिसणारा खरखरीतपणा तत्काळ कळतो. लोखंडासाठी थायोग्लायकोलेटयुक्त फवारा मिळतो. (केस कुरळे करण्याच्या औषधातही याच कुळातील द्रव्य असते, दर्प त्याहून बरा नाही.) लोखंडाशी गाठ पडताच तो जांभळा होतो. हातमोजे घालावेत आणि तो वाळण्यापूर्वीच धुऊन टाकावा.

उरलेल्या चिकट कणांसाठी 'क्ले बार' हा शाडूसारखा मऊ गोळा आहे. जपानच्या ताडाओ कोडाटे यांना त्याचे अमेरिकन पेटंट १९९५ मध्ये मिळाले. साबणाच्या पाण्याने निसरड्या केलेल्या पृष्ठभागावर तो हलकेच, सरळ रेषेत फिरवावा, वरचेवर मळून स्वच्छ बाजू वर आणावी. जमिनीवर पडलेला तुकडा मात्र टाकूनच द्यावा; तेथे काटकसर नको. शेवटी मेण लावावे.

त्या गृहस्थांची मोटार एका रविवारात नितळ झाली. फडक्याचे बारीक ओरखडे उन्हात अजून दिसतात. रक्कम बँकेतच आहे.