बाळ कोणाच्या कडेवर?

लहान मुलांच्या आयांचा व्यायाम अडतो तो मूल सांभाळायला दुसरे कोणी नसते म्हणून. तरीही ‘स्वतःसाठी वेळ काढा’ हा उपदेश दर आठवड्याला नव्याने कानी पडतो, आणि पाळणाघराचा मुद्दा मागेच राहतो.

लखनौचेच पाहा. तिथे जागेची वाण नाही. गोमतीनगरचे ३७६ एकरांचे जनेश्वर मिश्र पार्क २०१४ साली खुले झाले. पण मे-जूनमध्ये पारा चाळिशीपार जातो, म्हणून चालण्याजोगी वेळ सकाळ-संध्याकाळचीच. नेमकी डब्यांची आणि स्वयंपाकाची. शहराच्या चौक भागातल्या बाईला तिथवर जायचे तर मूल घेऊन शहर ओलांडावे लागते. पोचल्यावरही तिचा एक हात झोपाळ्याच्या साखळीवर असतो, दुसऱ्यात पाण्याची बाटली. पोर खेळते, आई उभी राहते. चिकनकारीचे भरतकाम करणारीचे हाल आणखी वेगळे: घरातच जमिनीवर बसून, मान खाली घालून तासन्‌तास टाके. प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा अधिक कर्मचाऱ्यांच्या आस्थापनांना पाळणाघराची सोय सक्तीची केली. घरबसल्या सुई चालवणारीपर्यंत ती पोचत नाही.

या हालांशेजारी आपल्याकडची मंगळागौर ठेवून पाहावी. श्रावणातल्या मंगळवारचे हे व्रत लग्नानंतरची पहिली पाच वर्षे करतात, आणि पुष्कळ जणींच्या कडेवर मूल येते तेही याच वर्षांत. रात्री जागरणात खेळ रंगतात. फुगडीत दोघी पावले जुळवून, हातांची अढी घालून, अंग मागे झोकून गरगर फिरतात. दोन मिनिटांत धाप लागते. बसफुगडीत मांड्या भरून येतात, झिम्म्यात खांदे मोकळे होतात, पिंग्यात कंबर. मूल रडले तर मावशी उचलते, आजी थोपटते. घर सोडून कशाला आलीस, असे कोणी विचारत नाही. हे जागरण वर्षातून एखाद्या रात्रीचे, त्याने वर्षभराचा व्यायाम होत नाही. पण शेजारच्या बायका, चार पावलांवरची जागा आणि बाळाला घ्यायला माणूस, ही त्यातली व्यवस्था कोणत्याही मोहल्ल्यात रोज बसवता येते. त्या मानाने ३७६ एकर अपुरे पडतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशी अशा व्यवस्थेला पूरक आहेत. बाळंतपणानंतर आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल हवी. सुरुवात हळूहळू करावी, सिझेरियन झाले असल्यास डॉक्टरांना विचारून. सलग दहा मिनिटांची जुनी अट गेली आहे, त्यामुळे गच्चीवरच्या चार फेऱ्याही जमेस धरल्या जातात. याच संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतातल्या ५७ टक्के स्त्रियांची हालचाल अपुरी होती. पुरुषांत हे प्रमाण ४२ टक्के.

तेव्हा उपाय गल्लीतच करावा. शाळेचे पटांगण संध्याकाळी तासभर उघडावे. पाच जणी जमल्या तर दोघींनी मुले पाहावीत, तिघींनी चालावे, मग पाळी बदलावी. घरात रोजची एक ठरलेली वेळ बाळाच्या बापाने सांभाळावी. नगरपालिकांनी उद्यानाच्या खर्चातच पाळणाघराची खोली आणि सांभाळणारी बाई धरावी.