लांडगा मरतो कीं विरघळतो?

गेल्या हिवाळ्यांत शेवगांवीं एका स्नेह्यांच्या ओसरीवर बसलों असतां गोष्ट लांडग्यांवर आली. शेवगांव हें नगर जिल्ह्याच्या, म्हणजे आतांच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या, पूर्वेकडील तालुक्याचें गांव. एका अंगास जायकवाडीचें पाणी, दुसऱ्या अंगास पाथर्डीकडे चढत जाणारे कोरडे माळ. माळ आला म्हणजे मेंढरें आलीं, आणि मेंढरें आलीं म्हणजे लांडग्याची गोष्ट आलीच. पुण्याजवळच्या माळावर लांडगा आणि कुत्रा यांचा संकर झाल्याचें शास्त्रज्ञांनीं सिद्ध केलें आहे, असें आम्हीं सांगितलें. त्यावर एक सुशिक्षित गृहस्थ हंसून म्हणाले, "अहो, माणसांतला जातिभेद मोडण्यासाठीं आपल्या तीन पिढ्या खपल्या, आतां तुम्ही लांडग्यांना सोवळें नेसवणार काय?" ओसरीवर हंशा पिकला. आम्हीहि त्यांत सामील झालों. पण घरीं आल्यावर तो विनोद आम्हांला सलूं लागला. कारण त्यांत थट्टेपेक्षां अधिक कांहीं होतें. आजच्या पुष्कळ सुशिक्षितांचें मत त्यांत सांठविलेलें होतें, आणि तें मत आमच्या समजुतीनें चुकीचें आहे. म्हणून त्याचा समाचार घेणें आम्हांस अवश्य वाटतें.

प्रथम घडलें काय तें पाहूं. पुण्याच्या परिसरांतील माळावर वन्य प्राणी न्याहाळणाऱ्या हौशी नागरिकांना दोन जनावरें वेगळ्याच रंगरूपाचीं दिसलीं. त्यांनीं सांपळा लावला नाहीं कीं बंदूक उचलली नाहीं. त्या जनावरांचे गळून पडलेले केस तेवढे वेंचले. त्या केसांतील डीएनए तपासून अभिनव त्यागी, मिहिर गोडबोले, अबि तमीम वनक आणि उमा रामकृष्णन् यांनीं २०२३ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. जनुकांच्या ६९८ खुणा लांडगा, कुत्रा, कोल्हा आणि रानकुत्रा यांच्या खुणांशीं ताडून पाहिल्यावर एक जनावर लांडगा आणि कुत्रा यांच्या संकराच्या दुसऱ्या पिढीचें निघालें. दुसऱ्याची मिसळ याहूनहि गुंतागुंतीची असावी असें दिसलें. भारतांत अशा संकराचा जनुकीय पुरावा मिळण्याची ही पहिलीच वेळ. वाचकांनीं 'दुसऱ्या पिढीचें' या शब्दांवर क्षणभर थांबावें. पहिला संकर कोणाच्याहि ध्यानांत न येतां होऊन गेला होता. ती संतति जगली, वाढली आणि तिलाहि संतति झाली. आपल्याला कळलें तें नातवंडांच्या केसांवरून!

आतां हा लांडगा कोण, हें विचारूं. लांडगा म्हणजे रानांत राहिलेला कुत्रा, आणि कुत्रा म्हणजे माणसाळलेला लांडगा, अशी एक सोपी समजूत आहे. ही समजूत आपल्या माळावरच्या लांडग्याला लागू पडत नाहीं. २००४ सालीं भारताच्या सखल प्रदेशांतील ४५ लांडग्यांच्या डीएनएचा, मातेकडून उतरणाऱ्या भागापुरता, अभ्यास प्रसिद्ध झाला. हे पंचेचाळीसहि लांडगे एका स्वतंत्र शाखेचे निघाले. ती शाखा चार लाखांहून अधिक वर्षें निराळी वाढत आली असावी, असा त्या अभ्यासकांचा अदमास आहे. युरोप-अमेरिकेचे लांडगे आणि जगांतील त्या वेळपर्यंत तपासलेलीं कुत्रीं मात्र दुसऱ्याच, परस्परांत गुंतलेल्या शाखेंत पडलीं. पुढें २०२१ सालीं संपूर्ण जनुकसंच तपासून केलेल्या अभ्यासानेंहि भारतीय लांडग्याचें हें प्राचीन वेगळेपण पुष्ट केलें. म्हणजे आपल्या आळींतला कुत्रा हा माळावरील लांडग्याचा पुत्र नव्हे. दूरच्या भाऊबंदांचा वंशज आहे, आणि तोहि माणसाच्या उकिरड्यावर वाढलेला. जगांतील अतिप्राचीन लांडगा पाहावयाचा तर सैबेरियाच्या बर्फांत जाण्याचें कारण नाहीं. तो दख्खनच्या बाभळीआड उभा आहे.

यावर आमचे शेवगांवचे गृहस्थ म्हणतील, "हेंच तें! कुळाचा अभिमान, शाखेचा अभिमान, रक्ताचा अभिमान." या आक्षेपाला आम्ही भीत नाहीं. माणसांतील रक्तशुद्धीचें थोतांड ज्या शास्त्रांनीं उघडें पाडलें, त्यांत आनुवंशिकी अग्रभागीं आहे. रिचर्ड लेवॉन्टिन यानें १९७२ सालींच दाखवून दिलें कीं, मनुष्यजातींत जनुकांची जी विविधता आढळते तिचा सुमारें ८५ टक्के भाग कोणत्याहि एका समाजाच्या आंतच असतो. वंशावंशांमधील भेद त्या मानानें अगदीं थोडा. जें शास्त्र माणसाला 'तुमच्या भिंती खोट्या' असें सांगतें, तेंच लांडग्याविषयीं 'ही शाखा निराळी' असें सांगतें. पहिली साक्ष मान्य करून दुसरीला जातीयवाद म्हणणें हा न्याय नव्हे.

शिवाय हें शास्त्र नव्या रक्ताचें वैरी नाहींच. स्कॅंडिनेव्हियांतील लांडग्यांचा इतिहास पाहा. तेथील सबंध वस्ती अवघ्या दोन लांडग्यांपासून निपजलेली. पुढें कित्येक वर्षें तेथें पिल्लें देणारी टोळी एकच. त्यामुळें भावाबहिणींचे, बापलेकींचे संबंध होऊन वंश खंगत चालला. १९९० च्या सुमारास बाहेरून एक, केवळ एकच, नर तेथें येऊन पोंचला, आणि त्या एका परक्याच्या आगमनानें वंशांत पुन्हां जोम आला व संख्या झपाट्यानें वाढूं लागली. हें २००३ सालीं जनुकांच्या तपासणीवरूनच सिद्ध झालें. तेव्हां सोवळें-ओवळें या शास्त्राला ठाऊक नाहीं. कोणता पाहुणा घर राखतो आणि कोणता लोंढा घर वाहून नेतो, एवढेंच तें सांगतें.

आणि आपल्याकडे लोंढाच आहे. भारतीय लांडग्यांची संख्या अलीकडच्या अदमासाप्रमाणें सुमारें तीन हजार. म्हणजे ज्या वाघासाठीं आपण एवढे प्रकल्प उभारले, त्या वाघाहून लांडगा अधिक नाहीं. भटक्या कुत्र्यांची संख्या २०१९ च्या पशुगणनेप्रमाणें १ कोटि ५३ लाख. एका लांडग्यामागें पांच हजार कुत्रे! या प्रमाणांत जें होतें त्याला मिसळ म्हणत नाहींत. मिठाचा खडा विहिरींत पडला तर त्या दोहोंची मिसळ झाली असें कोणी म्हणतो काय?

"पण लांडगा आणि कुत्रा हजारों वर्षें शेजारीं आहेत, आजच काय बिघडलें?" हा दुसरा आक्षेप. त्याचें उत्तर स्कॉटलंडच्या रानमांजरानें दिलेलें आहे. ब्रिटनमध्यें पाळीव मांजर आलें त्याला दोन हजार वर्षें झालीं. इतका काळ रानमांजर आणि घरमांजर शेजारीं राहूनहि त्यांचा संकर बेताचाच होता, असें जनुकांचे अलीकडचे अभ्यास सांगतात. तो भराभर वाढला विसाव्या शतकाच्या मध्यानंतर. कारण रानमांजरें इतकीं विरळ झालीं कीं त्यांना स्वजातीचा जोडीदार मिळेना. २०१९ सालीं तज्ज्ञांनीं निर्वाळा दिला कीं स्कॉटलंडमधील रानमांजरांची वस्ती आतां स्वबळावर तगणारी राहिली नाहीं. २०२३ पासून बंदिवासांत वाढविलेलीं रानमांजरें तेथील डोंगरांत सोडण्यांत येत आहेत. त्यांना कोणी शेवटच्या एका मांजरापर्यंत गोळ्या घातल्या नव्हत्या. जंगलांत मांजरें दिसत होतीं, लोक त्यांना रानमांजरेंच म्हणत होते. आंतला प्राणी मात्र बदलत चालला होता. आमच्या मतें हें मरणाहून अधिक फसवें आहे. कारण याचें सुतक कोणालाच येत नाहीं.

आपल्या लांडग्याला जोडीदार मिळूं नये अशी व्यवस्था कोणी केली? इंग्रजी अमदानींत बक्षिसें लावून लांडगे मारले. १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत दोन लाख लांडगे मारले गेले असावेत, असा इतिहासकार महेश रंगराजन यांचा हिशेब आहे. १९७२ च्या कायद्यानें लांडग्याला संरक्षण दिलें. पण त्याच्या घराला दिलें नाहीं. माळरानाला आपल्या दफ्तरांत नांव आहे 'पडीक'. पडीक म्हणून तें नांगरावें, पडीक म्हणून तेथें खड्डे खणून झाडें लावावीं, पडीक म्हणून तें कारखान्यास द्यावें. जायकवाडीनें कोरड्या मुलखांत पाणी आणलें, त्याबद्दल कृतज्ञताच आहे. परंतु उरलेला माळहि निरुपयोगी समजून उधळून टाकावा, असें त्या पाण्यानें सांगितलेलें नाहीं. याच जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांत रेहेकुरीचें काळवीट अभयारण्य १९८० सालीं झालें, तें अवघें २.१७ चौरस किलोमीटर. लांडग्यांच्या एका टोळीला फिरण्यास शंभराहून अधिक चौरस किलोमीटर लागतात. अभयारण्याच्या कुंपणांत लांडगा राखतां येत नाहीं. तो आपल्या शिवारांतच राखावा लागतो.

आणि त्याच शिवारांत कुत्रीं कोण सोडतो? येथें आमच्या वाचकांनीं रागावूं नये. आम्ही स्वतःलाहि वगळीत नाहीं. कोंबड्यांच्या दुकानांतील घाण गांवाबाहेर ओढ्यांत टाकतात ती आपणच. मेलेलें जनावर माळावर फेंकून येतात ते आपलेच शेजारी. घरच्या कुत्रीला पिल्लें झालीं, तीं मारवत नाहींत आणि पोसवतहि नाहींत, म्हणून पोत्यांत घालून संध्याकाळीं माळावर सोडून येणारीं सालस कुटुंबें आम्हांस ठाऊक आहेत. याला तीं भूतदया म्हणतात! त्या पिल्लांतलीं बहुतेक तडफडून मरतात, आणि जगतात तीं टोळ्या करून हरणांच्या पाडसांमागें लागतात. तीं माळावर रोगहि नेतात. अमेरिकेंतील आइल रॉयल बेटावर १९८० सालीं ५० लांडगे होते. कुत्र्यांकडून आलेल्या पार्व्हो रोगानें दोन वर्षांत १४ उरले. पुढें आपसांतील संबंधांनीं तो वंश इतका खंगला कीं २०१६ पर्यंत केवळ दोन लांडगे राहिले, आणि अखेर २०१८ व २०१९ या वर्षीं बाहेरून १९ लांडगे आणून तेथें सोडावे लागले. दया करावयाची तर कुत्र्याची शस्त्रक्रिया करून त्याला दारीं पोसावें. माळावर सोडणें ही दया नव्हे, जबाबदारी टाळणें आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा. "शेतकरी हवालदिल आहे, मेंढपाळ उघडा पडला आहे, आणि तुम्ही लांडग्याचे केस तपासतां!" हा आक्षेप आम्ही सर्वांत गंभीर मानतों, कारण लांडगा जगण्याची किंमत मेंढपाळ भरतो, ओसरीवरचे आपण भरीत नाहीं. शेवगांवच्या त्याच मुक्कामांत एका वृद्ध मेंढक्याला आम्हीं विचारलें, "बाबा, लांडगा फार त्रास देतो का?" म्हातारा म्हणाला, "लांडगं न्हेतंय एखादं, त्याचा वाटा म्हनायचा. पर ही कुत्री धा फाडत्यात अन् एक बी खात न्हाईत. पंचनाम्याला साहेब इचारतो, लांडगं व्हतं का कुत्रं? अंधारात काय सांगू?" त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाचें उत्तरहि याच शास्त्रापाशीं आहे. भक्ष्याच्या जखमेंत लागलेल्या लाळेवरून मारणारा लांडगा होता कीं कुत्रा हें ओळखतां येतें, असें स्वीडनमधील शास्त्रज्ञांनीं २००८ सालींच दाखविलें. शासनाची भरपाई वन्य पशूनें मारलेल्या जनावरासाठीं आहे. जखमेवरून फिरविलेला कापसाचा एक बोळा मेंढपाळाचा दावा पक्का करील, लांडग्यावरचा खोटा आळ उतरवील आणि कुत्र्यांच्या उपद्रवाचा खरा आंकडा पुढें आणील. प्रयोगशाळा ही श्रीमंतांची चैन आहे असें म्हणणाऱ्यांनीं त्या म्हाताऱ्याच्या वाड्यावर एक रात्र काढावी.

आमचें मागणें मोठें नाहीं. माळरानाच्या प्रत्येक तालुक्यांत लांडग्यांचे केस, विष्ठा आणि भक्ष्यावरील लाळ यांचे नमुने दरवर्षीं नेमानें गोळा व्हावेत. पुण्याच्या नागरिकांनीं दाखविलें आहे कीं याला पदवी लागत नाहीं, चिकाटी लागते. मेंढपाळाला भरपाई वेळेवर मिळावी. गांवची घाण आणि कुत्र्यांची पैदास गांवानेंच आंवरावी. आणि माळाला पडीक म्हणणें सोडावें. यांतील पहिली गोष्ट झाल्यावांचून उरलेल्या तिहींचें फळ मोजतां येणार नाहीं. कारण संकर पिढ्यांमागून पिढ्या चालला तर चार पिढ्यांनंतरचें जनावर डोळ्यांना लांडगाच दिसेल, आणि आपण गणनेंत त्याला लांडगाच धरूं.

त्या गृहस्थांना आमचें एवढेंच सांगणें आहे कीं, आम्ही लांडग्याला सोवळें नेसवीत नाहीं. आपल्या दारचीं कुत्रीं त्याच्या माळावर सोडूं नका, त्याचा माळ त्याला राहूं द्या, आणि तो अजून लांडगाच आहे कीं नाहीं हें दरवर्षीं पाहून घ्या, इतकेंच आम्ही म्हणतों. चार लाख वर्षें जो आपल्या बळावर टिकला, तो आपल्या उकिरड्यापायीं आपल्याच हयातींत विरघळून गेला, तर पुढची पिढी आपल्याला हंसणारहि नाहीं. कारण काय गेलें हें तिला ठाऊकच नसेल.